वेताळ : इंद्रजालातला आणि वेशीवरचा

मार्च १९६४ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया' समूहाने 'इंद्रजाल कॉमिक्स' ही चित्रकथांची मालिका सुरू केली. पहिल्या अंकाचा नायक होता अमेरिकी लेखक ली फॉक याचा 'फँटम'. इंग्रजीपाठोपाठ ही मालिका भारतीय भाषांत आली आणि मराठीत या नायकाचे नाव 'वेताळ' झाले. 'फँटम' म्हणजे भूत, छाया किंवा भास. भाषांतरकार यांपैकी एखाद्या शब्दावर थांबला असता, तर पुढचा प्रश्नच उद्भवला नसता. परंतु 'वेताळ' हा शब्द मराठी वाचकाच्या मनात रिकामा कधीच नव्हता. गोमंतकात आणि तळकोकणात तर ते जागृत देवाचे नाव आहे. अंगाला घट्ट बसणारा पोशाख घातलेल्या, कमरेला दोन पिस्तुले लावलेल्या एका गोऱ्या माणसाला ते लाभले आणि दोनेक पिढ्यांनी ते बिनतक्रार स्वीकारले. चित्रकथेतील आवडत्या पात्रांत दडलेला अर्थ शोधण्याची जी रीत जगभर रूढ झाली आहे, तिच्यासाठी याहून चांगले उदाहरण मराठीत सापडणे कठीण आहे.

कथा अशी

फॉकने १९३४ मध्ये 'मँड्रेक' हा जादूगार निर्माण केला आणि १७ फेब्रुवारी १९३६ पासून अमेरिकी वृत्तपत्रांतून 'फँटम'ची दैनिक चित्रपट्टी सुरू झाली. चित्रे रे मूर याची होती. कथेचा पाया थोडक्यात असा : इ. स. १५३६ मध्ये सिंग नावाच्या चाच्यांनी एक इंग्रज जहाज लुटले. त्यातून वाचलेला एकमेव तरुण पोहत किनाऱ्याला लागला. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली, की आपण आणि आपले वंशज चाचेगिरी, लोभ आणि क्रौर्य यांविरुद्ध लढत राहू. बाप मरतो, मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि जंगलाला वाटते की हा एकच पुरुष आहे, तो मरत नाही. आपण वाचतो ती कथा या घराण्यातील एकविसाव्या पुरुषाची. तो कवटीच्या आकाराच्या गुहेत राहतो. त्याच्या उजव्या हातातील अंगठीचा ठोसा बसला की दुष्टाच्या जबड्यावर कवटीची खूण कायमची उमटते.

फॉकने मोगली, टारझन, राजा आर्थर आणि स्पेनचा एल सिद यांचे ऋण मान्य केले होते. प्रदेशाचे नाव आरंभी 'बंगाली', 'बंगाल्ला' असे काहीसे होते. सुरुवातीच्या गोष्टींत तो भारताच्या आसपासचा वाटतो, पुढे कधीतरी अलगद आफ्रिकेत सरकतो. नकाशावरची ही घसरगुंडी अमेरिकी वाचकाला फारशी खटकली नसावी, कारण त्याच्या दृष्टीने दोन्हीकडे जंगलच होते. 'इंद्रजाल'च्या संपादकांना मात्र ती डोळ्यांआड करता येण्यासारखी नव्हती. त्यांनी 'बंगाल्ला'चे 'डेंकाली' केले आणि सिंग चाच्यांचे 'सिंगा' चाचे. ज्या देशात सिंग हे लाखो माणसांचे आडनाव आहे, तिथे खलनायकांच्या टोळीला तेच नाव ठेवणे शक्य नव्हते. ही दुरुस्ती म्हणजे खरे तर मूळ संहितेची पहिली भारतीय समीक्षा होती. ती कुणी लेख लिहून केली नाही, अक्षरे बदलून केली.

नाव ठेवणे हाही वाचनाचाच प्रकार आहे. बंगालीत हाच नायक 'अरण्यदेव' झाला. तिथे त्याचे भूतपण पुसले गेले आणि वनाच्या देवतेचे रूप पुढे आले. मराठीने आणि हिंदीने भूतपण राखले, पण ते साधे भूत नव्हते. भुतांवर ज्याचा अंमल चालतो, त्याचे नाव त्यांनी निवडले.

वेशीवरचा वेताळ

आमोणे, पैंगीण, लोलये ही गोव्यातील वेताळाची सुपरिचित स्थाने. बोलण्यात तो 'बेताळ'ही होतो. गोव्यातील जुन्या वेताळमूर्ती उभ्या, उग्र मुद्रेच्या आणि बहुधा विवस्त्र असतात. हाती खड्ग आणि कवटीचे पात्र, गळ्यात मुंडमाळा. पुराणांतील मोठ्या देवांच्या पंगतीत त्याला फारसे पान नाही, पण गावाच्या व्यवस्थेत त्याचा मान मोठा. सीमेपलीकडे वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा सौम्य आणि राजस आहे, तरी काम तेच. तो रात्री गावाच्या सीमेवरून फेरी घालतो, भुताखेतांना आवरतो, गावकऱ्याला राखतो. चालून चालून त्याची पादत्राणे झिजतात, म्हणून भक्त त्याला चामड्याच्या मोठ्या वहाणा अर्पण करतात. देशावरही वेताळ अनोळखी नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीला त्याच्याच देवळामुळे नाव मिळाले आहे. अमावास्येच्या रात्री पलित्यांच्या उजेडात निघणारी वेताळाची स्वारी हा तर आजीच्या गोष्टींतला ठरलेला ऐवज होता.

आता ही वर्णने फॉकच्या नायकाशेजारी ठेवून पाहावीत. मूळ इंग्रजीत फँटमचे बिरुद 'चालणारे भूत' असे आहे. आरवलीचा देवही चालणाराच. एकाच्या गळ्यात मुंडमाळा, दुसऱ्याच्या बोटात कवटीची अंगठी. एक अमर, दुसरा अमर भासणारा. दोघेही राजवाड्यात राहत नाहीत आणि दोघांचाही धाक मुख्यतः वाईट माणसाला आहे. गोव्यातील वाचकाला आणखी एक ओळखीची खूण पटते, ती राखणदाराची. हातात काठी घेऊन, खांद्यावर घोंगडी टाकून शेतमळ्यांवरून रात्री हिंडणारा, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोहोचवणारा देवचार इथल्या लोककथांत आजही आहे. जंगलात हरवलेल्या प्रवाशाला अवचित भेटणारा मुखवटाधारी स्वार मुलांना परका वाटला नाही, त्याचे कारण केवळ रंगीत चित्रे नव्हती. पात्राची जागा त्यांच्या मनात आधीच तयार होती.

भाषांतरकाराने हे सगळे ठरवून केले असेल का? तसे मानण्याची गरज नाही. भाषेला कधीकधी तिच्या वापरणाऱ्याहून अधिक ठाऊक असते. पुढे रचल्या गेलेल्या मूळकथेत मात्र एक प्रसंग असा आहे, की नामकरणाचा हा योगायोग चकित करतो. किनाऱ्यावर सापडलेल्या त्या तरुणाला बांदार नावाच्या बुटक्या वन्य जमातीने वाचवले. ही जमात वसाका नावाच्या दुसऱ्या जमातीच्या गुलामीत होती. तिला सोडवण्यासाठी त्याने वसाकांच्या एका उग्र देवतेची मूर्ती पाहून तसाच पोशाख शिवला आणि देव अवतरला असे भासवून त्यांच्यावर चाल केली. म्हणजे फँटमचा पोशाख मुळातच एका ग्रामदेवतेचे सोंग आहे. मराठीने त्याला देवाचे नाव दिले, तेव्हा कथेने स्वतः केलेलीच चाल भाषेने पुन्हा एकदा केली.

खांद्यावरचा वेताळ

मराठी मुलांना याच नावाचा आणखी एक वेताळ माहीत होता, तो प्रेतात शिरणारा आणि कोडी घालणारा. 'वेताळपंचविंशती'च्या कथा अकराव्या शतकातील सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'वेताळ पंचविशी' मराठीत आणली. घरोघरी मात्र तो पोचला 'चांदोबा'मुळे. जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगूत 'चंदमामा' हे मासिक निघाले आणि १९५२ मध्ये त्याची मराठी आवृत्ती 'चांदोबा' आली. तलवार उपसून स्मशानातून चाललेला विक्रम आणि त्याच्या खांद्यावर लोंबणारा वेताळ हे 'शंकर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या के. सी. शिवशंकरन यांचे चित्र. सगळ्या आवृत्त्यांत चित्र तेच, मजकूर तेवढा वेगळा. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या तामसीसारख्या सीमाभागात तेलुगू आणि मराठी शेजारी नांदतात. तिथल्या वाचकासाठी हा एकच वेताळ दोन लिप्यांत बोलण्याची सोय या मासिकाने करून ठेवली होती.

हा वेताळ राखण करत नाही, तो प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील आणि बोलला तर मौन मोडल्यामुळे वेताळ पुन्हा झाडावर जाईल. राजाचे राजेपण तलवारीवर नव्हे, न्यायबुद्धीवर तपासणारी ही पेचाची रचना आहे. 'इंद्रजाल'च्या वेताळाला असे कोडे कुणी घालत नाही. तो येतो तेव्हा बरोबर कोण आणि चूक कोण हे ठरलेले असते. म्हणून 'इंद्रजाल'च्या वेताळाला तोच प्रश्न घालणे हे समीक्षकांकडे आले.

हा गोरा इथे काय करतो?

१९७१ मध्ये चिलीत एरियल डॉर्फमन आणि आर्मां मातलार या दोघांनी डोनाल्ड डक या निरागस भासणाऱ्या बदकावर एक पुस्तक लिहिले. डिस्नेच्या चित्रकथांत दूरदेशीचे रहिवासी नेहमी भोळे, बालिश आणि संपत्तीची किंमत न कळणारे दाखवले जातात आणि बाहेरून आलेला पाहुणा ती संपत्ती हसतखेळत घेऊन जातो, असे त्यांनी चित्रे पुढे ठेवून मांडले. १९७३ च्या लष्करी उठावानंतर चिलीत हे पुस्तक जाळण्यात आले. बदकावरील टीकेची एवढी धास्ती वाटावी, यावरून तिने कुठे बोट ठेवले होते हे कळते. बेल्जियममध्ये 'टिनटिन काँगोत' या पुस्तकाविरुद्ध २००७ मध्ये एका काँगोली नागरिकाने दाद मागितली. २०१२ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. खुद्द लेखक एर्जे याने मात्र १९४६ च्या रंगीत आवृत्तीतच हात फिरवला होता. आधी टिनटिन आफ्रिकी मुलांना 'तुमचा देश बेल्जियम' असा धडा देत होता, नंतर तो त्यांना बेरीज शिकवू लागला.

हाच भिंगाचा काच फँटमवर धरला की चित्र बरेच अस्वस्थ करणारे दिसते. चारशे वर्षे एक गोरे घराणे काळ्या माणसांच्या जंगलात कवटीच्या सिंहासनावर बसते, त्यांचे तंटे सोडवते, शांतता राखते, आणि हे सारे चालते जंगलवासी त्याला अमर मानतात या फसवणुकीच्या आधारावर. प्रत्येक पिढीतील वारसाची आई बहुधा बाहेरचीच. एकविसाव्याची पत्नी डायना पामर ही अमेरिकी. नायकाच्या शौर्याची ग्वाही देणाऱ्या 'जंगलातील जुन्या म्हणी' जंगलाने रचलेल्या नाहीत, फॉकने रचल्या आहेत. त्याच्या विश्वासू जमातीचे नाव इंग्रजीत 'बंदर' असेही वाचता येते. फॉकने मोगलीचे ऋण मानले आहे आणि किपलिंगच्या वानरांच्या टोळीला 'बंदरलोग' म्हणतात, हे ध्यानात घेतले तर भारतीय कानाला त्या नावाची बोच जाणवल्याशिवाय राहत नाही.

गोव्याच्या वाचकासाठी या कथेत आणखी एक आकडा बोलका आहे, तो १५३६. तोवर तिसवाडी पोर्तुगीजांच्या ताब्यात येऊन पाव शतक लोटले होते. १५४० पासून तिथली देवळे पाडली जाऊ लागली, १५४३ मध्ये बार्देश आणि सासष्टी त्यांच्याकडे गेल्या, आणि पुढच्या काही दशकांत कित्येक देव रातोरात नदी ओलांडून अंत्रुजात गेले. चित्रकथेत याच सुमारास समुद्रातून आलेला युरोपीय पुरुष स्थानिकांचा त्राता होतो, तोही त्यांच्याच देवाचे रूप घेऊन. 'इंद्रजाल'चा पहिला अंक निघाला तेव्हा गोवा मुक्त होऊन सव्वादोन वर्षे झाली होती. साडेचारशे वर्षांची परकी सत्ता नुकतीच संपलेल्या प्रदेशात मुले मराठीतून ही गोष्ट वाचू लागली, आणि तिच्या नायकाला त्यांच्याच ग्रामदेवाचे नाव होते. यात कुणाचा कट नव्हता. पण ही विसंगती एकदा दिसली की नजरेआड करता येत नाही.

दुसरी बाजू

तरीही एवढ्यावर निवाडा दिला, तर पानावर असलेल्या बऱ्याच गोष्टी सोडून द्याव्या लागतात. फँटम मर्त्य आहे हे रहस्य बांदारांना ठाऊक आहे. ते फसलेले नाहीत, ते राखणदाराचे राखणदार आहेत. त्यांनी तोंड उघडले तर चारशे वर्षांची दंतकथा एका दुपारीत कोसळेल. त्यांच्यावाचून पहिला फँटम वाळूतच मेला असता. नायकाचा बालमित्र गुरान हा त्याच जमातीचा. पुढच्या काळात फॉकनेच आपल्या देशात निवडणुका आणल्या, लामांडा लुआगा नावाच्या आफ्रिकी डॉक्टरला राष्ट्राध्यक्ष केले आणि फँटमला त्याच्या पाठीशी उभे केले. आफ्रिकेतील वसाहती एकामागून एक स्वतंत्र होत असल्याचा हा परिणाम होता, हे सांगायला नको. मँड्रेकचा सोबती लोथार आरंभी मोडकी भाषा बोलणारा, चित्त्याचे कातडे पांघरणारा सेवक होता. १९६५ नंतर तो नीट बोलू लागला आणि बरोबरीचा मित्र झाला.

पापुआ न्यू गिनीतील वाहगी खोऱ्याचे उदाहरण सर्वांत विलक्षण. १९८० च्या दशकात तिथे जमातींमधील लढाया पुन्हा पेटल्या, तेव्हा योद्ध्यांनी आपल्या उंच ढालींवर फँटमचे चित्र रंगवले. मरण नसलेला पुरुष ढालीवर असावा, हा त्यामागचा साधा हिशेब. समीक्षकांच्या मते ज्यांचा या कथेने अवमान केला, त्यांनीच तिच्या नायकाला कामाला लावले. या ढाली आता संग्रहालयांत आहेत. मराठीतील नामकरणाचा अर्थही याच अंगाने लावणे अधिक सयुक्तिक वाटते. मराठी मुलाने कुण्या इंग्रज घराण्याचे राज्य मान्य केले नव्हते. त्याने रात्री फिरणारा रखवालदार मान्य केला होता, आणि त्याच्या दृष्टीने ते पद वेतोबाचे होते. फँटमला देशी नाव दिल्याने त्याचा वसाहतवाद झाकला गेला हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की त्या नावाने त्याला राजाच्या आसनावरून उठवून वेशीवर उभे केले.

असे अर्थ काढताना कुठे थांबावे, हा प्रश्न उरतोच. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम याने १९५४ मध्ये चित्रकथा मुलांना गुन्हेगारीकडे नेतात असे पुस्तक लिहून खळबळ उडवली. बॅटमन आणि रॉबिन यांच्या सहवासातही त्याला विकृती दिसली. प्रकाशकांनी धास्तावून त्याच वर्षी स्वतःवर कडक आचारसंहिता लादून घेतली. पुढे २०१२ मध्ये कॅरोल टिली या अभ्यासक महिलेने वर्थमची मूळ टिपणे तपासली, तेव्हा मुलांच्या जबान्या त्याने सोयीनुसार कापल्या आणि जोडल्या असल्याचे उघड झाले. डॉर्फमन आणि मातलार यांच्याशी मतभेद असू शकतात, पण त्यांचे पुरावे छापील पानावर होते, कुणीही ते उघडून पाहावेत. वर्थमचे पुरावे त्याच्या कपाटात होते.

फँटमला सर्वांत नेमके उत्तर मात्र कुणा समीक्षकाने दिले नाही. ते 'इंद्रजाल'मध्येच छापून आले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी 'बहादूर' हा नायक निर्माण केला. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची होती. केशरी कुर्ता आणि जीन्स घालणारा हा तरुण मुखवटा लावत नाही, गुहेत राहत नाही. गावकऱ्यांना एकत्र करून तो डाकूंविरुद्ध नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो. त्याचीही कथा बापाच्या मृत्यूपासूनच सुरू होते. बाप भैरवसिंग पोलीस अधिकारी विशाल याच्या गोळीने मेला आहे, आणि मुलाच्या मनात सूड आहे. फँटमच्या घराण्यात बापाच्या मारेकऱ्याची कवटी शपथेसाठी चारशे वर्षे जपली जाते. बहादूरला मात्र आपला बाप स्वतःच डाकू होता हे स्वीकारावे लागते, आणि ज्याने त्याला मारले त्याच विशालने आपल्याला वाढवले हेही. सूड तिथेच संपतो. बहादूरची शपथ बापाच्या बाजूने नाही, बापाने लुटलेल्या गावांच्या बाजूने आहे.

१९९० मध्ये 'इंद्रजाल' बंद पडले आणि बहादूरही थांबला. फँटम अन्यत्र चालूच राहिला. ऑस्ट्रेलियात १९४८ पासून आणि स्वीडनमध्ये १९५० पासून त्याचे स्वतंत्र अंक निघत आले आहेत. स्वीडनमध्ये त्याचा पोशाख निळा असतो, ब्राझीलमध्ये तांबडा.